कारवीच्या हर्बेरियम नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारवी म्हणजे सह्याद्रीतलं, वर्षानुवर्षं थांबून एकदाच फुलणारं झुडूप. ती फुलण्याचं वर्ष आलं की अनेकांना एकदम जुन्या नोंदी आठवतात. मागच्या वेळी कधी फुलली होती, त्याआधी कधी, आजोबा म्हणायचे ते साल बरोबर होतं का? हे प्रश्न डोंगरावर उभं राहून सुटत नाहीत. त्यांची उत्तरं हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात आहेत, वाळलेल्या फांद्या चिकटवलेल्या कागदांवर. ते कागद कसे वाचायचे, कुठे शोधायचे आणि त्यांवर किती विश्वास ठेवायचा, याबद्दल मला सतत विचारलं जातं. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हर्बेरियम शीट म्हणजे नेमकं काय?

दाबून वाळवलेली फांदी, ती ज्यावर चिकटवली किंवा दोऱ्याने टाचली तो जाड कागद, आणि उजव्या कोपऱ्यात खाली लावलेलं लेबल. भारतात कागदाचं माप साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटर असतं. गळून पडलेली फुलं, बोंडं, पानांचे तुकडे ठेवायला त्याच कागदावर एक लहान पाकीट असतं. कारवीच्या शीटवर हे पाकीट आवर्जून पाहावं, कारण तिची फुलं नाजूक नळीची असतात आणि वाळल्यावर कणसातून सहज निसटतात.

लेबलावर कुळ, शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा कलेक्शन नंबर, म्हणजे त्याने आपल्या नमुन्यांना ओळीने दिलेला क्रमांक, असतो. नशीब असेल तर फुलाचा रंग, झुडपाची उंची, जमीन कशी होती, तिथले लोक त्याला काय म्हणतात, हेही असतं. फांदी बघून झाडाची ओळख पटते. ते झाड त्या दिवशी त्या डोंगरावर होतं, हे मात्र फक्त लेबल सांगतं. लेबल हरवलं तर नमुन्याचा निम्मा जीव गेला असं मी मानतो.

कारवी तर सह्याद्रीत जिकडेतिकडे आहे. दुर्मीळ वनस्पतींच्या नोंदी सोडून हिच्या कशाला जपायच्या?

कारवी आयुष्यात एकदाच फुलते, तीही सगळ्या डोंगराबरोबर. कित्येक वर्षं ती जंगलाच्या सावलीत आणि उघड्या उतारांवर नुसती काड्यांची गर्दी करून उभी असते. मग एका पावसाळ्यात, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, आख्खा उतार जांभळा-निळा होतो, मधमाश्या तुटून पडतात, बी धरतं आणि झुडपं मरतात. इतकं लांब चक्र एका माणसाच्या वहीत मावत नाही. चाळीस वर्षं एकाच डोंगरावर जाणाऱ्यालाही ते जेमतेम पाच वेळा दिसेल. शंभर-दीडशे वर्षांचा हिशेब लावायचा तर वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या सालांत गोळा केलेल्या शीटच लागतात.

शिवाय ती माणसांच्या घरात आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वस्त्यांवर कारवीच्या काठ्यांचे कूड उभारून त्यांवर माती-शेण लिंपण्याची रीत आहे. कारवीच्या मधाची ख्याती वेगळीच. ज्या वनस्पतीवर इतकं काही उभं आहे ती विपुल आहे म्हणून तिच्या नोंदी नकोत, हे मला पटत नाही. विपुल गोष्टींचा ऱ्हास उशिरा लक्षात येतो, आणि तेव्हा तुलनेला जुनं काही हाताशी नसतं.

ती सात वर्षांनी फुलते की आठ?

दोन्ही आकडे ऐकू येतात आणि घोळ बराचसा मोजण्याच्या पद्धतीत आहे. सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी फुलते, असं म्हटलं की दोन्ही आकडे एका वाक्यात बसतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोठा बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आला, म्हणजे अंतर आठ-आठ वर्षांचं.

पण हे एका जंगलाचं वेळापत्रक झालं. प्रत्येक डोंगराचं साल तेच असेल असं नाही. एका घाटात बहर असताना शेजारच्या घाटात नुसती हिरवी पानं असू शकतात, आणि एका उतारावरही काही झुडपं वर्षभर आधी किंवा नंतर फुलून जातात. म्हणून "महाराष्ट्रात कारवी अमुक साली फुलली" असं विधान कोणी शीटच्या आधारे केलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या डोंगरावर?

जुन्या शीटवरून फुलण्याचं चक्र कसं काढतात?

फुलं असलेल्या शीटच्या तारखा एका ठिकाणापुरत्या मांडायच्या आणि अंतरं बघायची. हे वाटतं तितकं सरळ नाही. समजा, एकाच डोंगरावरची एक फुललेली शीट १९६० ची आहे आणि दुसरी १९८४ ची. अंतर २४ वर्षांचं. २४ ला ७ ने भाग जात नाही, म्हणून सात वर्षांचं चक्र बाद. पण ८ ने जातो, तसाच ६ ने, १२ ने आणि ४ नेही जातो. दोन शीटवर थांबलं तर काहीच ठरत नाही.

आता त्याच डोंगरावरची सप्टेंबर १९७२ मधली एक शीट मिळाली आणि तिच्यावर एकही फूल नाही असं समजा. चक्र ६ चं, १२ चं किंवा ४ चं असतं तर १९७२ साली बहर असायला हवा होता. तो नाही, म्हणून हे तिन्ही आकडे गळाले. ८ मात्र टिकला, कारण त्या हिशेबाने बहर १९६८ आणि १९७६ साली येतो. निकाल लावला तो फुलं नसलेल्या शीटने.

म्हणून मला सर्वांत हळहळ वाटते ती गोळा न केलेल्या हिरव्या फांद्यांची. वनस्पती गोळा करणारा माणूस फूल शोधतो, कारण फुलाशिवाय ओळख पक्की होत नाही. त्यामुळे कारवीच्या शीट बहराच्या सालांत ढिगाने येतात आणि मधल्या वर्षांत गडप होतात. ते रितेपण पाहून "या काळात कारवी नव्हती" असा अर्थ काढणारेही मी पाहिले आहेत. झुडपं तिथेच होती. कोणी थांबून तोडली नाहीत, इतकंच.

मग फूल नसलेल्या कारवीची ओळख पटते का?

बऱ्याचदा पटते. समोरासमोरची मोठी, खरखरीत पानं, दातेरी कडा, पानावर ठळक उठलेल्या शिरा आणि पेरांजवळ जाड होणारं, पुटकुळ्या आलेल्यासारखं खोड. स्ट्रोबिलँथस कॅलोसा या तिच्या शास्त्रीय नावातला "कॅलोसा" हा शब्द लॅटिनमधला आहे, अर्थ घट्टे पडलेला, कडक झालेला. तरी नुसत्या पानावरून केलेल्या ओळखीवर लेबलात प्रश्नचिन्ह असेल तर ते पुसू नये. प्रश्नचिन्ह हीसुद्धा नोंद आहे.

एकाच झुडपाच्या शीटवर तीन-तीन नावं का असतात?

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस यांनी १८३२ साली हिला स्ट्रोबिलँथस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं. त्या शब्दाचा अर्थ शंकूसारखा फुलोरा असणारी. पुढे १९४४ साली ब्रेमेकांप यांनी या मोठ्या प्रजातीची अनेक लहान प्रजातींत वाटणी केली आणि आपल्या झुडपासाठी "कार्विया" ही नवी प्रजाती केली. मराठी माणसाच्या तोंडचा शब्द लॅटिन नावात जाऊन बसला, याचा मला आजही आनंद होतो. नंतरच्या अभ्यासकांनी ती वाटणी पुन्हा मोडून सगळ्यांना स्ट्रोबिलँथसमध्ये परत आणलं. त्यात कोणी "कॅलोसस" लिहितं, कोणी "कॅलोसा", कारण प्रजातीचं व्याकरणातलं लिंग कोणतं यावर मतं वेगळी होती.

म्हणून शोध घेताना स्ट्रोबिलँथस कॅलोसा, स्ट्रोबिलँथस कॅलोसस आणि कार्विया कॅलोसा, तिन्ही नावं टाकून बघा. एकच टाकलंत तर निम्म्या शीट सापडणार नाहीत. जुन्या लेबलावर काट मारून नवं नाव लिहायचं नसतं. नवी चिठ्ठी बाजूला चिकटवायची, खाली आपलं नाव आणि साल लिहायचं. एका शीटवर अशा चार चिठ्ठ्या दिसल्या तर ती शीट चार पिढ्यांनी हाताळली असं समजा.

या शीट पाहायला कुठे मिळतील?

मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम, स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचं. तिथल्या फादर सांतापाऊ यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलं, ते १९५३ साली प्रसिद्ध झालं, आणि त्याआधी १९५१ साली त्यांनी मुंबई इलाख्यातल्या अडुळसा कुळावर, म्हणजे कारवीच्याच कुळावर, स्वतंत्र अभ्यास छापला. कारवीवाल्यांसाठी हे घर आधी.

पुण्यात दोन ठिकाणं. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र, १९५५ साली सुरू झालेलं, आणि आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम. हावड्याला शिबपूरच्या बागेतलं केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम, आणि लंडनमध्ये क्यूच्या वनस्पतिबागेतलं हर्बेरियम. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक मराठी डोंगरांचे नमुने क्यूला आहेत, कारण कंपनी सरकारच्या काळातले डॉक्टर आणि अधिकारी आपले संग्रह तिकडे पाठवत.

प्रत्यक्ष जाण्याआधी पत्र किंवा मेल करून वेळ ठरवा आणि काय बघायचं आहे ते नेमकं लिहा.

लेबलावर फक्त "मलबार, कोंकण इत्यादी, उष्ण प्रदेश" असं छापलं आहे. हे कुठलं ठिकाण?

हे ठिकाण नाही. स्टॉक्स, लॉ आणि इतर संग्राहकांचे नमुने क्यूहून वाटले गेले तेव्हा त्या सगळ्यांवर एकच छापील लेबल लावलं गेलं. त्यात कोकणही आलं आणि मलबारही. अशा शीटला नकाशावर टिंब देऊ नका. कारवी त्या पट्ट्यात होती इतकंच ती सांगते. कुणी त्या लेबलावरून रत्नागिरीच्या मध्यावर टिंब टाकलं तर ते टिंब पुढे प्रत्येक नकाशात फिरत राहतं आणि ते काढणं फार जड जातं.

जुनी गावं आजच्या नकाशावर कशी लावायची?

पूना म्हणजे पुणे आणि बोरघाट म्हणजे खंडाळ्याचा घाट, हे सोपं. अडचण येते ती वाड्यापाड्यांच्या नावांत. एकाच नावाच्या तीन वाड्या तीन तालुक्यांत असतात, आणि साहेबाने कानाला ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहिलेलं असतं. अशा वेळी त्याच माणसाचे आधीचे-नंतरचे कलेक्शन नंबर काढा. आदल्या दिवशी तो कर्जतला होता आणि दुसऱ्या दिवशी माथेरानला, तर मधली वाडी साताऱ्याची असणार नाही. तिथली बोली येत असेल तर नाव मोठ्याने म्हणून बघा. कागदावर न ओळखू येणारं नाव पुष्कळदा कानाला ओळखू येतं, आणि हे काम मराठी माणसाइतकं चांगलं दुसरं कोणी करणार नाही.

अक्षांश-रेखांश द्यायचे तर सोबत चूक किती असू शकते तेही किलोमीटरमध्ये लिहायचं. जुन्या लेबलांवर उंची फुटांत असते, ती मीटर समजू नका.

तारीख "१२.ix.४३" अशी आहे, ती कशी वाचायची?

मधला रोमन अंक महिन्याचा. ही १२ सप्टेंबर. दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ नये म्हणून ही पद्धत आहे. शतक मात्र संग्राहकाच्या हयातीवरून ठरवावं लागतं.

जुन्या वनस्पतिसूचीत संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह असतं. ते छपाईची चूक आहे का?

नाही. लेखकाने तो नमुना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, याची ती खूण. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात जे काम छापलं त्यात अशी चिन्हं सापडतात. ज्या नावापुढे चिन्ह नाही ती नोंद दुसऱ्याच्या लिखाणावरून घेतलेली असू शकते. एवढ्याशा चिन्हात किती प्रामाणिकपणा आहे बघा.

खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर इथल्याच शीट इतक्या जास्त का?

कारण तिथे जाता येत होतं. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली धावू लागली, माथेरानची छोटी गाडी १९०७ साली. शनिवारी मुंबईहून निघून रविवारी प्रेस, म्हणजे नमुने दाबायची चौकट, भरून परतता येई. महाबळेश्वर तर हवा खाण्याचं ठिकाणच. कारवी तिथे जास्त आहे आणि जव्हारच्या किंवा वेल्ह्याच्या डोंगरात कमी, असं यावरून मुळीच ठरत नाही. शीटचा नकाशा वनस्पतीचा असतो तितकाच रस्त्यांचाही असतो.

यात आणखी एक उणीव आहे. साहेबाला कारवीच्या रानात नेणारा वाटाड्या, पाटी वाहणारी बाई, नाव सांगणारा ठाकर, यांची नावं जुन्या लेबलांवर बहुधा नसतात. आज लेबल लिहिणाऱ्यांनी ती लिहावीत, संबंधित माणसाला विचारून.

घरबसल्या ऑनलाइन पाहता येतात का? त्यांवर भरवसा ठेवावा का?

बोटॅनिकल सर्व्हेचं इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम आहे, क्यूचा संग्रह ऑनलाइन आहे, आणि जगभरातल्या नोंदी एकत्र करणारं जीबीआयएफ आहे. शीटचं छायाचित्र असेल तर आधी ते उघडा आणि लेबल स्वतः वाचा. टंकलेली माहिती नंतर बघा, कारण टंकताना महिना चुकतो, गाव चुकतं, आणि कधी कधी चिठ्ठीवर ओळख पटवणाऱ्याचं साल हेच गोळा केल्याचं साल म्हणून चढतं. कारवीच्या बाबतीत ही शेवटची चूक घातक आहे, तिने एक खोटा बहर तयार होतो.

दुसरी गोष्ट, जोडनमुने. एकाच झुडपाच्या चार-पाच फांद्या एकाच नंबराने वेगवेगळ्या हर्बेरियमना पाठवण्याची रीत आहे. संगणकावर त्या पाच नोंदी दिसतात, पण त्या एका माणसाच्या एका दिवसाच्या आहेत. संग्राहक, नंबर आणि तारीख जुळवून त्या एकच मोजायच्या.

आता सगळे मोबाइलवर फोटो काढतात. शीटची गरज उरली आहे का?

फोटो जरूर काढा, तारीख आणि जागा त्यात आपोआप येते आणि फुलाचा खरा रंग राहतो. शीटवर कारवीचा जांभळा रंग तपकिरी होतो. पण फोटोतल्या फुलाची नळी उघडून आतले केस बघता येत नाहीत, परागकण भिंगाखाली घेता येत नाहीत, पानाचा तुकडा काढून डीएनए तपासता येत नाही. आणि ओळखीवर वाद झाला तर फोटोपाशी येऊन तो अडतो. दोन्ही करा, आणि शीटवर फोटोचा क्रमांक लिहा.

कारवी म्हणून ठेवलेल्या शीटमध्ये दुसरं काही निघतं का?

हो. कास पठारावरची टोपली कारवी ही वेगळी, तिची झुडपं बुटकी आणि टोपली पालथी घातल्यासारखी गोल. व्हायटी हीसुद्धा तिची चुलत बहीण, ती हिवाळ्याकडे फुलते आणि कारवीसारखी इतकी वर्षं थांबत नाही. "कारवी, डिसेंबर, फुलांसह" असं लेबल दिसलं तर आधी व्हायटीची शंका घ्या. मुन्नारची नीलकुरिंजी याच प्रजातीतली, पण तिचं चक्र बारा वर्षांचं, बहर २००६ आणि २०१८ चा. बातम्यांमध्ये कारवीला सर्रास नीलकुरिंजी म्हटलं जातं.

मी स्वतः नमुना करू शकतो का?

राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो लागू आहे. राखीव वनातही वनखात्याला विचारा. खासगी मालकीच्या बांधावर मालकाला विचारा. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाबरोबर गेलात तर परवानगी आणि शीट ठेवायची जागा, दोन्ही सुटतं. शीट घरात ठेवायची नसते.

कारवीच्या कणसावर चिकट, उग्र वासाच्या ग्रंथी असतात. वर्तमानपत्रात थेट दाबलं तर शाई आणि कागद दोन्ही त्याला चिकटतात. मी मध्ये पातळ बटर पेपर घालतो. पावसाळ्यात पहिले चार दिवस कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर पानं काळी पडतात आणि बुरशी धरते. एक पान उलटं दाबा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. दोन-तीन फुलं वेगळी, नळी उभी चिरून, दाबा.

लेबलावर किमान काय हवं?

गाव, तालुका, जिल्हा, डोंगराची कोणती बाजू, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, तुमचं नाव आणि नंबर. कारवीसाठी आणखी चार गोष्टी मी मागतो. आख्खा उतार फुलला आहे की चार झुडपं. झुडपांची उंची. आसपास मेलेल्या काठ्या उभ्या आहेत का, कारण त्या असतील तर बहर नुकताच होऊन गेला. आणि खाली रोपांची दाटी आहे का.

विद्यार्थी असताना एका बहरात मी भरपूर फांद्या आणल्या आणि लेबलावर लिहिलं, "सह्याद्री, पावसाळा". जागा लक्षात राहील असं वाटलं होतं. दोन वर्षांनी दोन घाटांपैकी तो कोणता, हे मला सांगता येईना. ती झुडपं तोवर मेली होती. त्या शीट आजही एका कपाटात आहेत आणि कुठल्याच नकाशात जाऊ शकत नाहीत.

जुन्या शीटला हात लावणं सुरक्षित आहे का?

जपून. किडे लागू नयेत म्हणून पूर्वी नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत, आणि तो पारा कागदात वर्षानुवर्षं राहतो. हातमोजे घाला, शीट पालथी करू नका, काम झाल्यावर हात धुवा, तिथे खाऊ-पिऊ नका. डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं दुखत असेल तर खिडकी उघडा. आजकाल किडीसाठी नमुने काही दिवस उणे २० अंशाखाली गोठवतात, ती पद्धत माणसाला त्रास देत नाही.

घरात आजोबांचा वाळलेल्या वनस्पतींचा गठ्ठा सापडला. काय करू?

काहीही झटकू नका, दोऱ्या सोडू नका, वर्तमानपत्रं फेकू नका. वर्तमानपत्राची तारीख हीच कधी कधी एकमेव तारीख असते. गठ्ठ्याबरोबर डायरी, पत्रं, खर्चाची वही असेल तर ती एकत्र ठेवा. गठ्ठ्याला घातलेला क्रम बदलू नका. जाळू तर अजिबात नका, पाऱ्याची वाफ होते. जशाच्या तशा अवस्थेत फोटो काढा आणि जवळच्या हर्बेरियमला पाठवून विचारा. वहीत "आज डोंगर जांभळा" एवढं जरी लिहिलेलं असलं आणि शेजारी साल असलं, तरी ते पान त्यांना आवर्जून दाखवा.